भाले मोडतात, तट भुरभुरतो, रेझिन फुगतं: ओतकामाचं साहित्य कुठे चुकतं?

"ह्याच बाटलीतून मे महिन्यात तीस मावळे ओतले, एकही वाया गेला नाही. आता तेच रेझिन पावासारखं फुगतंय. माल बदलला का?" रेझिन म्हणजे दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचं, मग घट्ट होणारं प्लॅस्टिक. पहिला पाऊस पडून गेला की हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. थंडीत दुसरा येतो: भाल्याची टोकं साच्यातच राहतात. आणि युद्धखेळाचं (लहान आकृत्यांनी लढाई मांडून खेळायचा खेळ) टेबल मांडायची वेळ आली की तिसरा: तटबंदीचे कोपरे झडतात, दोन तुकडे शेजारी ठेवले तर मध्ये फट दिसते.

तिन्ही तक्रारींवर बहुतेक जण एकच उपाय करतात. तेच साहित्य दुसऱ्या कंपनीचं आणतात. पैसे जातात आणि तक्रार पुढच्या वर्षी परत येते. मी पुण्यात घरच्या घरी २८ मिलिमीटरच्या आकृत्या आणि त्यांना लागणारे बुरुज, कडे, दगडी बांध ओततो. आमच्या गटाने उंबरखिंडीचं टेबल करायला घेतलं तेव्हा (फेब्रुवारी १६६१, मुघल सरदार कारतलबखान खोपोलीजवळच्या अरुंद खिंडीत अडकला ती लढाई) हे तिन्ही दोष मी एकाच पावसाळ्यात भोगले. तेव्हापासून साहित्य निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: वस्तूचा सर्वांत बारीक भाग किती जाड आहे आणि आज हवा कशी आहे. बाकी सगळं त्यानंतर.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडायचो ते मातीचे मावळे आठवा. बहुतेकांची तलवार मांडीला चिकटलेली, भाला खांद्याला टेकलेला, ढाल छातीवर. लहानपणी मला ते ओबडधोबड वाटायचे. आता साचे करायला लागल्यावर कळतं की तो कारागीर किती शहाणा होता. माती हवेत सुटा भाला पेलू शकत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने भालाच अंगाशी घेतला. आपण मात्र संगणकावर एक मिलिमीटरहून बारीक भाला हवेत उगारलेला काढतो, थ्रीडी प्रिंटरवर मास्टर (ज्यावरून साचा घेतात ती मूळ प्रत) छापतो आणि मग तो मिळेल त्या पातळ पदार्थात ओततो.

फुगलेलं रेझिन: आधी कपाकडे बघा

बुडबुडे दोन जातींचे असतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

पहिल्या जातीत आकृती बाकी स्वच्छ असते, पण नाकाचं टोक, हनुवटी, तलवारीचं अग्र, पागोट्याचा खालचा काठ अशा ठरावीक जागी गोल खड्डा पडतो. चार आकृत्या ओतल्या तर चारही जणांना तो त्याच जागी. ही साच्यात अडकलेली हवा आहे. साहित्याचा यात दोष नाही.

दुसऱ्या जातीत बारीक फेस सगळीकडे असतो. ओतताना सगळं ठीक दिसतं, मग घट्ट होता होता रेझिन ओतायच्या तोंडातून वर येतं. आकृती हातात घेतली तर हलकी लागते, कापली तर आतून स्पंज. हे ओलाव्याचं काम.

नक्की ठरवायला माझी एक साधी चाचणी आहे. प्रत्येक वेळी साचा भरून झाला की उरलेलं मिश्रण कोरड्या प्लॅस्टिकच्या कपात तसंच ठेवतो. कपातलंही फुगलं तर बाटलीतला माल किंवा हवा ओली आहे. कपातलं स्वच्छ, पण साच्यातली आकृती फुगलेली, तर साचा ओला आहे. बहुधा तुम्ही तो साबणाने धुऊन लगेच वापरला. कपातलं स्वच्छ आणि आकृतीत मोजकेच खड्डे, तर हवा बाहेर पडायला वाट नाही. हा कप मी फेकत नाही. त्यावर तारीख लिहून महिनाभर ठेवतो, म्हणजे बिघाड कुठल्या दिवसापासून सुरू झाला ते दिसतं.

ओलावा पॉलीयुरेथेन रेझिनलाच एवढा का बाधतो, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं, दुसरीत पॉलिओल. दोन्ही एकमेकांशी जुळून घट्ट प्लॅस्टिक होतं. पण आयसोसायनेटला पाणीही तितकंच प्रिय. पाणी भेटलं की त्याच्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. गादीतला फोम मुद्दाम याच रीतीने फुगवतात. आपल्या बाबतीत तेच नको तिथे घडतं. पॉलिओल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे जुलैत झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी ती बाटली पुढे कायमची बिघडू शकते. मे महिन्यात चांगला असलेला माल जुलैत वाईट होतो तो असा. त्यात कंपनीने काही बदललेलं नसतं.

उपाय करायचे ते या क्रमाने. मोठी बाटली आणली असेल तर पहिल्याच दिवशी ती लहान, पूर्ण कोरड्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे दरवेळी एकच लहान बाटली उघडली जाईल. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसा. साचा ओतण्याआधी अर्धा तास दिव्याखाली किंवा हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतका तापवा. लाकडी काडी वापरू नका, लाकूड ओलावा धरून ठेवतं. प्लॅस्टिकची किंवा स्टीलची घ्या. भर म्हणून संगमरवराची भुकटी किंवा टाल्क घालत असाल तर ती आधी तासभर १०० अंशांच्या पुढे ओव्हनमध्ये भाजून, हवाबंद डब्यात गार करून मगच वापरा. आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा. उन्हाळ्यात रेझिन कपातच घट्ट होतं म्हणून कितीतरी जण तसं करतात. गार बाटली दमट हवेत उघडली की आतल्या बाजूला दव धरतं आणि मग काहीच उपयोग राहत नाही.

हे सगळं करूनही कप फुगत असेल तर त्या बाटलीतून आकृत्या ओतू नका. माल अगदीच टाकवत नसेल तर त्याचे ढिगारे, बेसखालचे दगड करा. फेस आलेला दगड सह्याद्रीच्या सच्छिद्र काळ्या दगडासारखा दिसतो, रंगवल्यावर तर फारच छान.

अडकलेल्या हवेचा उपाय साच्यात आहे. खड्डा पडतो त्या टोकापासून वरपर्यंत बारीक वाट कोरा. ओतण्याआधी साच्याला आतून टाल्कम पावडरचा हात फिरवा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरीच्या कणांमधून हवा निसटते आणि पातळ रेझिन कोपऱ्यापर्यंत ओढलं जातं. चेहरा, हात यांच्यावर आधी काडीने थोडं रेझिन लावून घ्या, मग साचा बंद करून उरलेलं ओता. प्रेशर पॉट (भरलेला साचा आत ठेवून हवेचा दाब द्यायचं भांडं) असेल तर उत्तमच, साधारण ४० ते ६० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाखाली बुडबुडे दिसेनासे होतात. पण प्रेशर पॉट म्हणजे रंगाच्या फवाऱ्याचा, त्या दाबासाठी बनवलेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला टँक. स्वयंपाकघरातला कुकर १५ पीएसआयच्या आसपास चालण्यासाठी असतो. त्याला कंप्रेसर जोडायचा प्रयोग कुणीही, कधीही करू नये. हे मी कळकळीने सांगतोय.

एक गोष्ट पुण्यातल्यांसाठी. साचे करायच्या सिलिकॉन रबरातली हवा व्हॅक्यूमने काढताना "गेजवर २९ आलं पाहिजे" (म्हणजे २९ इंच पारा) असं परदेशी माहितीत वाचायला मिळतं आणि आपला काटा २७-२८ वर अडला की पंप खराब आहे असं वाटतं. पंप बहुधा ठीक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच जेमतेम २८ इंच पारा भरतो. त्याच्या पुढे काटा जाणार कसा? मुंबईत, रत्नागिरीत तो जाईल.

मोडणारे भाले

इथे मला सर्वांत जास्त सांगायचंय, कारण इथेच चुकीचं साहित्य सर्वांत जास्त वापरलं जातं.

बाजारात सहज मिळतं ते एपॉक्सी, ज्याला सगळे आर्ट रेझिन म्हणतात. कोस्टर, किचेन, वरमाला जपण्याच्या फ्रेम यांमुळे ते आता गल्लोगल्ली मिळतं. ओलाव्याने ते फुगत नाही, सावकाश घट्ट होतं, वास कमी. म्हणून नवीन माणूस त्याकडे वळतो आणि तटाच्या तुकड्यांना, पिंपांना, तोफेच्या नळीला ते खरंच चांगलं आहे. भाल्याला नाही. कारण असं: एपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता तयार करतं आणि त्या उष्णतेनेच नीट पिकतं. कपातल्या जाड गोळ्यात उष्णता साठते, तो लवकर कडक होतो. एक मिलिमीटरच्या भाल्यात ती साठतच नाही, आजूबाजूचं सिलिकॉन ती खाऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी धड कडक असतं आणि भाला अजून कच्चा. तुम्ही आकृती ओढता, धड बाहेर येतं, भाला आत राहतो. "हार्डनर थोडा जास्त घालू का?" असं विचारलं जातं. अजिबात नको. एपॉक्सीत हार्डनर वेग वाढवायला नसतो, तो मोजून जोडीला लागणारा भाग आहे. जास्त झाला तर तेवढा बिनजोडीचा उरतो आणि वस्तू चिकट किंवा ठिसूळ होते. त्यापेक्षा साचा ४८ तास उबदार जागी ठेवा. थंडीत दिव्याखाली, जाड खोक्याने झाकून.

एपॉक्सीवर पावसाळ्यात एक तेलकट, पांढुरकी साय धरते. तीही दमट हवेचीच करणी. ती कच्चेपणा समजून लोक आकृती फेकतात. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने जुन्या ब्रशने घासून बघा, बहुधा निघून जाते. न काढता प्रायमर मारलात तर मात्र रंग सालीसारखा सुटतो.

आणखी एक. खोलीच्या तापमानाला पिकलेलं साधं एपॉक्सी ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत आकृत्यांचा डबा राहिला की भाले वाकून खाली येतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात, पण पुढच्या उन्हात परत वाकतात.

भाला मोडण्याचं दुसरं कारण मोजमाप. पॉलीयुरेथेनमध्ये दोन्ही भाग १:१ असं लिहिलेलं असतं, पण वजनाने की मापाने? दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. पत्रक वाचा. आयसोसायनेट जास्त पडलं तर वस्तू ठिसूळ होते, पॉलिओल जास्त पडलं तर रबरी राहते. दहा ग्रॅमच्या मिश्रणात एक ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, आणि एका आकृतीपुरतं कालवण्यापेक्षा चार साचे एकदम भरा.

पण खरं उत्तर विचाराल तर भाला रेझिनचा करूच नका. मास्टर करतानाच भाला वगळा, मूठ बंद ठेवा आणि तिच्यात आरपार भोकाची खूण सोडा. ओतून झाल्यावर ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून पितळी तार घाला. तारेचं एक टोक हातोडीने चपटं करून कानशीने घासलं की पातं तयार. मोडत नाही, वाकलं तर बोटाने सरळ होतं आणि उंबरखिंडीच्या टेबलावर शंभर हात फिरले तरी टिकतं. धनुष्याची दोरी, झेंड्याची काठी, बंदुकीची नळी यांनाही हेच. माझ्याकडे आता तारेशिवायचा एकही भाला नाही.

धातू

बारीक भागांना धातू रेझिनपेक्षा चांगला, यात वाद नाही. तो वाकतो, पण रेझिनसारखा पटकन तुटत नाही. लष्करी आकृत्यांचा इतिहास मुळी धातूचाच आहे. १८९३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची रीत काढली: वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा, बाहेरचं कवच गोठलं की आतला पातळ धातू परत ओतून घ्यायचा. धातू कमी लागला, सैनिक स्वस्त झाले आणि भरीव जर्मन आकृत्यांशी टक्कर देता आली. पुढे युद्धखेळांच्या आकृत्या शिसे-कथिलाच्या होत्या. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत शिशावर बंदीची चर्चा झाली, तेव्हा राल पार्था या आकृत्या बनवणाऱ्या कंपनीने शिसे नसलेला मिश्रधातू आणला. २०११ मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने धातूच्या बऱ्याच आकृत्या रेझिनमध्ये आणल्या. थोडक्यात, साहित्य बदलत राहण्याची ही कथा जुनीच आहे.

घरी करायचं तर कथिल हा मुख्य धातू. शुद्ध कथिल २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. कथिल आणि बिस्मथचं ४२:५८ मिश्रण १३८ अंशांनाच वितळतं, त्यामुळे नवशिक्याला सोपं वाटतं, पण ते ठिसूळ असतं; भाल्याला नको, तोफेला चालेल. सोल्डरिंगची तार वितळवून आकृत्या करणारे मी पाहिलेत. साध्या ६०/४० तारेत चाळीस टक्के शिसं असतं. ज्या घरात लहान मुलं टेबलाशी खेळतात तिथे ते आणू नका. जुन्या बॅटरीतलं शिसं तर कुठल्याच कारणाने नको. वितळवायचं भांडं वेगळं ठेवा, ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

धातूची नेहमीची तक्रार म्हणजे हात अर्धवट येणं, तलवार मध्येच संपणं. साचा गार असतो, म्हणून धातू टोकापर्यंत पोचण्याआधी गोठतो. पहिले तीन-चार ओत साचा तापवण्यासाठीच आहेत असं धरा आणि तो माल परत भांड्यात टाका. टाल्कम पावडर इथेही लावायची. साचा उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचाच हवा, साधं साच्याचं रबर काही ओतांत करपतं.

पावसाळ्यात धातूचं काम मी बंदच ठेवतो. साच्यात किंवा पळीवर पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू चेहऱ्यावर उडतो. चष्मा, पूर्ण बाह्या, बंद बूट, आणि पळी आधी ज्योतीवर तापवून घेणं, यात सवलत नाही.

भुरभुरणारा तट

तटबंदी, बुरुज, कडे यांना मी रेझिन वापरत नाही. पैसे वाया जातात, आणि दगडाचा पोत प्लास्टरमध्ये अधिक खरा उतरतो. पण हार्डवेअरच्या दुकानातलं पीओपी आणि दाताच्या डॉक्टरांचं डेंटल स्टोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पीओपी म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेली भुकटी. पाणी घातलं की ते परत जिप्सम होतं. शंभर ग्रॅम भुकटीला या बदलासाठी खरं तर १९ ग्रॅमच्या आतच पाणी पुरतं. पण तेवढ्यात ती कालवता येत नाही, म्हणून साध्या पीओपीत ६० ग्रॅमच्या आसपास घालावं लागतं. वरचं सगळं पाणी सुकताना उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ छिद्रं राहतात. कोपरा झडतो तो त्या छिद्रांमुळे. डेंटल स्टोनचे कण वेगळ्या रीतीने भाजलेले, घट्ट असतात. त्याला शंभर ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम पाणी पुरतं, त्याहून कडक डाय स्टोनला २० ते २४. छिद्रं कमी, म्हणून ताकद कितीतरी जास्त. दंतवैद्यांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात ते किलोच्या पिशवीत मिळतं. महाग आहे, पण तटाच्या चर्या, जिन्याच्या पायऱ्या, दरवाजाची कमान यांना तेच घ्या. नुसत्या कड्यांना आणि उतारांना पीओपी पुरतं.

पाणी वजन करून घ्या. "दह्यासारखं झालं की पुरे" या अंदाजानेच तट भुरभुरतात, कारण कालवायला सोपं जावं म्हणून प्रत्येक जण थोडं जास्त ओततो. आधी पाणी, त्यावर भुकटी हलक्या हाताने पेरायची, मिनिटभर मुरू द्यायची, मग सावकाश ढवळायचं. पहिला थर ब्रशने साच्यात लावायचा, बाकी ओतायचं आणि टेबलाला खालून टिचक्या मारत राहायचं. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते परत पातळ करू नका. जुळत आलेले स्फटिक मोडतात आणि मग ते कधीच कडक होत नाही.

नेहमीप्रमाणे केलं तरी भुरभुरतंय? मग भुकटी जुनी आहे. पिशवी दमट हवेत उघडी राहिली की तीतले काही कण पिशवीतच पाणी घेऊन बसतात. सुरुवातीला असं पीओपी नेहमीपेक्षा लवकर गोठतं, फार जुनं झालं की गोठतच नाही. पाच चमचे कालवून बघा. अर्ध्या तासानंतरही नख सहज रुतत असेल तर ती पिशवी टाका. नवी आणली की लगेच हवाबंद डब्यात.

मोठ्या कड्याचं वजन आणि तडे दोन्ही कमी करायला गणपतीच्या कारखान्यांतली रीत घ्या. पीओपीची मूर्ती भरीव नसते. साच्यात पातळ थर देऊन त्यात काथ्या घालतात आणि वर दुसरा थर देतात. काथ्याचे धागे सुटे करून, पीओपीच्या पाण्यात बुडवून पहिल्या थरावर पसरले की सहा-सात मिलिमीटरचं कवचही पडल्यावर तुकडे होत नाही. काथ्या मिळाला नाही तर जखमेला बांधायचं गॉज. खिंडीच्या दोन्ही बाजूंचे कडे मी असेच केले, एकेक तुकडा एका हाताने उचलता येतो.

सुकवण्यात घाई नको. गोठणं आणि सुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या प्लास्टरची ताकद कोरड्याच्या जवळपास निम्मी असते, म्हणून साच्यातून काढल्या काढल्या घासायला बसलात की कोपरा जातो. स्वयंपाकाच्या काट्यावर रोज वजन करा. दोन दिवस वजन कमी होईना, म्हणजे सुकलं. पावसाळ्यात पंख्याखाली आठवडाही लागतो. ओव्हनमध्ये घाई केलीत तर ४५ अंशांच्या वर जाऊ नका, नाहीतर जिप्सम परत भाजायला लागेल आणि पृष्ठभाग पिठासारखा होईल.

उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइपात दगड होईल. रबरी वाटीत गोठू द्या आणि मोडून काढा. आणि हाताचा, बोटांचा ठसा घ्यायला मोठ्या प्लास्टरच्या गोळ्यात हात घालण्याचा खेळ मुलांना करू देऊ नका. गोठताना ते चांगलंच तापतं, भाजतं.

तुकडे जुळत नाहीत

हे मापाचं गणित आहे. टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा साचा काळाबरोबर आकसतो, अर्धा ते एक टक्का. फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन त्याहून बरंच जास्त आकसतं. प्लास्टर उलट किंचित फुगतं. १५० मिलिमीटरच्या तटाच्या तुकड्यात एक टक्का म्हणजे दीड मिलिमीटर, आणि दीड मिलिमीटरची फट टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. एका तटाचे सगळे तुकडे एकाच साहित्यात आणि शक्यतो एकाच महिन्यात ओता. निम्मे यंदा आणि निम्मे पुढच्या वर्षी केले तर ते जुळतील ही आशा धरू नका.

पॉलिएस्टर मी घरात आणणं सोडलंय. स्टायरीनचा वास दिवसभर राहतो. शिवाय त्याच्या दोन बाटल्या, कोबाल्ट ॲक्सिलरेटर (वेग वाढवणारा) आणि एमईकेपी (घट्ट करणारा), थेट एकमेकांत मिसळल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. ज्यांना ते वापरायचंच आहे त्यांनी कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवावं, मग एमईकेपी.

साचाच चिकट राहिला तर

प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारं) सिलिकॉन मास्टरला लागून चिकट राहत असेल तर मास्टरकडे बघा. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, आणि हल्ली सर्वांत जास्त म्हणजे थ्रीडी प्रिंटचं अर्धवट पिकलेलं रेझिन त्याला घट्ट होऊ देत नाही. प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवा, यूव्ही दिव्याखाली पिकवा, काही तास साधारण ६० अंशांना उबदार ठेवा आणि वर ॲक्रिलिक लाखेचे दोन पातळ हात द्या. तरीही भरवसा नसेल तर टिन-क्युअर वापरा. ते कमी टिकतं, पण हट्टी नाही.

पॉलीयुरेथेन ओतताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. आयसोसायनेटने दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. खिडक्या उघड्या, नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क. घासकाम नेहमी ओलं करा, म्हणजे धूळ उडत नाही.

आधीच मोडलेले मावळे

ते फेकू नका. मोडलेला भाला मुठीच्या वर आणि खाली कापून टाका, मुठीत मधोमध सुईने खूण करा आणि ड्रिल हातानेच, सावकाश फिरवा. यंत्राच्या वेगाने रेझिन वितळतं आणि भोक तिरकं जातं. दर दोन फेऱ्यांनी ड्रिल बाहेर काढून भुगा झटका. तार आत सरकली की वरून सायनोॲक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. फक्त तलवारीचं टोक गेलं असेल तर पोलादी टाचणीचं डोकं कापून तिचं अणकुचीदार टोक बसवा, कानशीने थोडं चपटं करा. मागच्या आठवड्यात एका खोक्यातले बेचाळीस मावळे मी असेच उभे केले. त्यातले तेरा जण खिंडीच्या उजव्या कड्यावर, झाडांच्या आड लावलेत.